खोगीर नव्हतं तेव्हा लोक घोड्यावर कसे बसत, आणि आज तसं बसावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांनी चार-पाच महिने रपेट शिकून एक काठियावाडी घोडी घेतली आहे. शिकवणारे त्यांना रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्या, काढून बसायला लावतात. मधल्या काळात त्यांनी एके ठिकाणी वाचलं की माणूस सहा हजार वर्षांपूर्वीच घोड्यावर बसू लागला, खोगीर आणि रिकीब फार नंतर आली. दुसरीकडे वाचलं की आधी रथ, स्वारी नंतर. यातलं खरं काय, असं त्यांनी विचारलं आहे. पुढचा प्रश्न असा की पूर्वीचे लोक उघड्या पाठीवर बसत होते, तर घोडीला तेच जास्त सुखाचं नाही का? त्यांचं वजन ७२ किलो आहे आणि खोगीर कायमचं बाजूला ठेवायचा त्यांचा विचार आहे.

घोडी फेरणं आणि माणसांना बसायला शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत भेटतो. उत्तर आधीच सांगते: उघडी पाठ जुनी आहे, पण जुनी आहे म्हणून घोडीला सुखाची ठरत नाही. खोगीर स्वाराला धरून ठेवण्यासाठी आलं असं बहुतेकांना वाटतं. माझं मत असं की त्याचा मोठा उपयोग घोड्याच्या पाठीला झाला, आणि स्वारीचा इतिहास नीट पाहिला तर ते दिसतं. तुमच्या घोडीचा निर्णयही त्यावरच अवलंबून आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात, कारण त्यांत तीन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. घोड्यावर नुसतं बसणं हे एक. बसून कळप राखणं, लांबचा पल्ला मारणं हे दुसरं. आणि बसून, लगाम सोडून, दोन्ही हातांनी धनुष्य चालवणं हे तिसरं. ही तिन्ही कामं एका वेळी जमली नाहीत. त्यांच्यात शतकांचं, कदाचित हजार-दीड हजार वर्षांचं अंतर आहे.

पहिल्याचा पुरावा सगळ्यात अवघड, कारण उघड्या पाठीवर बसलेला माणूस मागे काहीच ठेवत नाही. उत्तर कझाकस्तानात बोताई नावाची वस्ती होती, इ.स.पू. ३५०० च्या सुमाराची. तिथं सापडलेली हाडं बहुतेक सगळी घोड्यांची आहेत आणि मडक्यांत घोडीच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा मिळाल्या आहेत. स्वारीसाठी तिथं पुरावा दिला जातो तो दातांचा. तुमच्या घोडीचा ओठ बाजूला करून पाहा: पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्यांच्या मधे बोटभर लांबीची मोकळी हिरडी दिसेल. कडियाळं, म्हणजे लगामाची तोंडात राहणारी कांब, बसतं ते तिथं. ते नकोसं झालं की घोडा जिभेनं त्याला मागे ढकलतो, पहिल्या दाढेखाली पकडतो आणि चावत राहतो. असं वर्षानुवर्षं झालं की त्या दाढेची पुढची कड झिजते. बोताईच्या काही दाढांवर अशी झीज आहे. पण कधी लगाम न पाहिलेल्या घोड्यांच्या दातांवरही अशा खुणा आढळतात, असा आक्षेप आहे आणि तो बिनबुडाचा नाही.

त्यातून २०१८ साली बोताईच्या घोड्यांचा जनुकीय आराखडा तपासला गेला आणि ते आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज नाहीत असं निघालं. त्यांचं नातं मध्य आशियातल्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्यांशी आहे. आज आपण ज्यांच्यावर बसतो त्या घोड्यांचं मूळ २०२१ च्या मोठ्या अभ्यासानं व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या अंगाच्या गवताळ प्रदेशात दाखवलं. इ.स.पू. २००० च्या आगेमागे हे घोडे तिथून झपाट्यानं सगळीकडे पसरले. या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या घोड्यांत जी जनुकं ठळकपणे निवडली गेलेली दिसतात त्यांतलं एक पाठीच्या बळकटीशी आणि दुसरं स्वभावाच्या शांतपणाशी जोडलं जातं. घोडा निवडताना मी आजही हेच दोन गुण आधी पाहते, रंग आणि उंची नंतर.

माणसांच्या हाडांवरूनही प्रयत्न झाला आहे. रोमानिया, बल्गेरिया आणि हंगेरीतल्या यमनाया नावाच्या पशुपालक लोकांच्या पाच हजार ते साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या काही सांगाड्यांत खुबा, मांडीचं हाड आणि मणक्यांवर स्वारीच्या खुणा दिसतात, असं २०२३ साली मांडलं गेलं. पुढच्याच वर्षी त्यावर हरकत आली: गाडीत वर्षानुवर्षं बसूनही खुब्यावर तशा खुणा होऊ शकतात. वाद मिटलेला नाही. माझा कल सांगायचा तर, घोड्यांचा कळप पाळणाऱ्यांपैकी कोणीतरी, बहुधा हलकी पोरं, घोड्यांवर लवकरच बसू लागली असणार. मोकळी घोडी पायी वळवायचा प्रयत्न ज्यानं केला आहे त्याला हे पटेल, घोड्यावर बसल्याखेरीज कळप आवरत नाही. मात्र हा माझ्या कामावरून बांधलेला अंदाज आहे. तो पुरावा नव्हे. सहा हजार वर्षं हा आकडा तर मी धरून बसणार नाही.

सैन्याचा विचार केला तर मात्र रथ आधी, हे अगदी बरोबर. उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत इ.स.पू. २००० च्या सुमाराचे, आऱ्यांच्या चाकांचे रथ घोड्यांसकट पुरलेले सापडले आहेत. घोडे तयार करण्याची जी सर्वांत जुनी लेखी पद्धत आपल्या हाती आहे, ती इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या मितन्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाची. त्याच्या मातीच्या पाट्या आजच्या तुर्कस्तानात हित्ती राजधानीत मिळाल्या, आणि फेऱ्या मोजायला त्यानं वापरलेले शब्द एक, पंच, सप्त यांच्या जवळचे आहेत. घोड्याला रोज किती चालवायचं, कधी दुडकी, कधी पाणी, कधी चंदी, सगळं त्यात आहे, पण ते रथाच्या घोड्यांसाठी.

याच काळात लोक घोड्यावर बसत नव्हते का? बसत होते, पण ते प्रतिष्ठेचं नव्हतं आणि बसायची पद्धतही वाईट होती. सिरियातल्या मारी इथं इ.स.पू. अठराव्या शतकातलं एक पत्र सापडलं आहे. झिम्री-लिम राजाला त्याचा अधिकारी विनवतो की महाराजांनी घोड्यावर बसू नये, गाडी आणि खेचरं वापरावीत, राजेपणाचा मान राखावा. त्या काळच्या मातीच्या फलकांवर स्वार दिसतात ते बऱ्याचदा पार मागे, पुठ्ठ्यावर बसलेले. ही बैठक गाढवाची आहे. गाढवाच्या खांद्यापाशी उंचवटा फारसा नसतो, पुढं बसलं की माणूस मानेवर घसरतो, म्हणून गाढवावर मागे बसतात. तीच सवय लोकांनी घोड्यावर नेली. घोड्यावर मात्र दुडकी सुरू झाली की पुठ्ठे माणसाला उडवतात, आणि बसणाऱ्याचं वजन कमरेवर पडतं, जिथं खाली बरगड्यांचा आधारच नाही. अशा बैठकीत घोडा पाठ पोकळ करतो, डोकं वर करतो आणि पळू बघतो.

आपल्याकडे ऋग्वेदात रथ जागोजागी आहेत आणि स्वार विरळा. पण पाचव्या मंडलातल्या मरुतांच्या एका सूक्तात स्वारांचं चित्र स्पष्ट आहे. तुमचे घोडे कुठं, लगाम कुठं, असं विचारून पुढं पाठीवरचं आसन, नाकपुड्यांशी वेसण, ढुंगणावर चाबूक आणि फाकलेल्या मांड्या, सगळं सांगितलं आहे. ज्यानं हे रचलं त्यानं माणूस घोड्यावर बसलेला जवळून पाहिला होता याबद्दल मला शंका नाही. माणसं बसत होती, पण लढाईचं मुख्य वाहन रथ होता.

आता तिसरं काम, म्हणजे बसून लढणं. ते कसं शिकलं गेलं हे आजच्या इराकातल्या अश्शूरी राजवाड्यांच्या दगडी भिंतींवर जवळजवळ पायरीपायरीनं पाहता येतं. अशुरनासिरपाल दुसरा या राजाच्या निमरूदच्या महालातले शिल्पपट इ.स.पू. नवव्या शतकातले आहेत, आज त्यांतले बरेच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत घोडेस्वार जोडीजोडीनं दौडतात. एक जण धनुष्य ताणतो आणि शेजारचा स्वतःच्या घोड्याबरोबर त्याच्याही घोड्याचा लगाम धरतो. दोघांचे गुडघे वर ओढलेले, बूड मागे. म्हणजे रथातली जोडी, एक सारथी आणि एक तिरंदाज, तशीच उचलून दोन घोड्यांवर बसवली आहे. हे चित्र मी शिकवणाऱ्यांना आवर्जून दाखवते. कारण नवशिक्याची नेमकी अडचण त्यात आहे: तोल बुडात नसेल तर माणूस लगामाला लोंबकळतो, आणि लगाम सोडायची वेळ आली की त्याला दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, अशुरबनिपालच्या निनवेच्या शिल्पांत स्वार एकटा आहे. तो पुढं सरकून, खांद्यांच्या उंचवट्यामागे बसलाय, पाय खाली सुटलेत, हात मोकळे आहेत. जोडीदार नाहीसा झाला. मधल्या काळात रिकीब आली नाही, लाकडी खोगीरही आलं नाही. पाठीवर फार तर झूल आहे. बदलली ती बैठक, आणि तिच्याबरोबर घोड्याची तयारी. तुमचे शिक्षक रिकिबी काढून घेतात ते याच कारणासाठी. निनवेच्या स्वाराची ती मांड तुमच्या अंगात यावी, एवढंच त्यांना हवंय. हे ते बरोबर करतात.

मांड म्हणजे गुडघे आवळणं, असा एक समज आहे. तो लवकर काढून टाका. गुडघे आवळले की माणूस वर ढकलला जातो, टाचा घोडीच्या पोटाला लागतात, तिला वाटतं पळायला सांगितलं, ती पळते, आणि घाबरलेला माणूस अजून आवळतो. अथेन्सच्या झेनोफननं इ.स.पू. चौथ्या शतकात घोडेस्वारीवर जे लिहिलं आहे, त्यात हे फार नेमकं सांगितलंय: उघड्या पाठीवर असा वा झुलीवर, खुर्चीत बसल्यासारखं बसू नका, पाय फाकून उभं राहिल्यासारखे बसा, आणि गुडघ्याखालचा पाय सैल सुटू द्या. आजही यापेक्षा वेगळं मी काही शिकवत नाही. घोड्याशी रागाच्या भरात वागू नका हेही त्यानंच लिहून ठेवलंय, आणि तेही मी पहिल्याच दिवशी सांगते.

याच झेनोफनचं आणखी एक वाक्य तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतं. घोडा घेताना दुहेरी पाठीचा पाहा, असं तो सांगतो. म्हणजे ज्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं आहे आणि कणा त्यांच्यामधे खोलगट बसलाय असा. एकेरी पाठ म्हणजे कण्याची धार वर आलेली. तो ज्या लोकांसाठी लिहीत होता त्यांच्याकडे खोगीर नव्हतं, म्हणून पाठीचा आकार हाच स्वाराचा आणि घोड्याचा दोघांचा बचाव होता. उघड्या पाठीवर बसणारी माणसं घोडा निवडूनच हा प्रश्न सोडवत. तुम्ही घोडी आधीच घेतली आहे, तेव्हा तिची पाठ दुहेरी आहे की एकेरी हे हात फिरवून बघणं ही पहिली गोष्ट.

मग खोगीर कोणी काढलं? ज्यांना दिवसभर घोड्यावर राहायचं होतं त्यांनी, आणि ते गवताळ प्रदेशातले आणि त्याच्या कडेचे लोक होते. चीनच्या शिनजियांगमध्ये तुर्फानजवळ यांगहाई नावाची दफनभूमी आहे. हवा इतकी कोरडी की चामडं आणि लोकर टिकून राहिली. तिथंच तीन हजार वर्षांहून जुनी लोकरीची विजार सापडली, पाय पसरता यावेत म्हणून मधे रुंद तुकडा विणून जोडलेली. आणि तिथंच एका स्त्रीच्या थडग्यात आजवर माहीत असलेल्या सर्वांत जुन्या खोगिरांपैकी एक मिळालं, साधारण इ.स.पू. ७०० ते ४०० या दरम्यानचं. बाईला जणू त्यावर बसवूनच पुरलं होतं. खोगीर म्हणजे गाईच्या चामड्याच्या दोन गाद्या, आत गवताचा पेंढा आणि हरणाचे व उंटाचे केस भरलेले, दोन्ही गाद्या कण्याच्या दोन बाजूंना आणि मधे मोकळी फट. अल्ताई पर्वतात पाझिरिकच्या बर्फात गोठलेल्या थडग्यांतली खोगिरंही याच धाटणीची, नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) आणि चामड्याची, पोटाखालचा तंग आणि शेपटीखालची दुमची या पट्ट्यांसकट.

त्या मधल्या फटीकडे लक्ष द्या, सगळं त्यात आहे. माणूस उघड्या पाठीवर बसतो तेव्हा त्याचं बहुतेक वजन बुडाच्या दोन टोकदार हाडांतून खाली उतरतं. ती हाडं घोडीच्या कण्याच्या अगदी लगत टेकतात. घोड्याच्या पाठीवर दाब मोजणारी चटई घालून आजकाल हे तपासलं जातं, आणि उघड्या पाठीवर त्या दोन जागी दाब लाकडी सांगाड्याच्या खोगिरापेक्षा जास्त भरतो. खोगीर हेच वजन घेऊन कण्यापासून दूर, दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर आणि खालच्या बरगड्यांवर पसरवतं. डोक्यावर भरला हंडा घेताना बाया चुंबळ ठेवतात, तिचं काम आणि खोगिराचं काम एकच. हंडा तेवढाच जड राहतो, पण टाळूवर टोचत नाही.

रिकीब त्याच्याही नंतरची. सांचीच्या स्तूपावरच्या शिल्पांत, इसवी सनाच्या आधीच्या शतकांत, काही स्वारांचं पाऊल पट्ट्यासारख्या कशात तरी अडकवलेलं दिसतं. ती पायाला थोडा आधार देणारी सोय होती. चीनमध्ये चांगशा इथल्या इ.स. ३०२ च्या थडग्यातल्या मातीच्या घोड्याला एकच रिकीब आहे, डाव्या बाजूला, म्हणजे चढण्यापुरती. इ.स. ४१५ मध्ये वारलेल्या फेंग सूफू या सरदाराच्या थडग्यात मात्र जोडी मिळाली, तुतीच्या लाकडाची, वर मुलामा दिलेल्या कांस्याचा पत्रा. मंगोलियातल्या एका गुहेत सापडलेलं बर्चच्या लाकडाचं खोगीरही इसवी सनाच्या चौथ्या शतकातलं आहे. युरोपात लोखंडी रिकिबी सहाव्या-सातव्या शतकात अवार नावाच्या भटक्या घोडेस्वार लोकांबरोबर पोचल्या.

लाकडी सांगाडा आणि रिकिबीची जोडी साधारण एकाच काळात का दिसतात, हे घोडी फेरणाऱ्या कोणालाही कळेल. माणूस रिकिबीवर उभा राहिला की त्याचं सगळं वजन दोन चिंचोळ्या पट्ट्यांवर येतं. खाली सांगाडा नसेल तर ते पट्टे पाठीला दोन ठिकाणी आडवे रुततात. सांगाडा असेल तरच ते वजन पसरतं. म्हणून एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगते: बाजारात उघड्या पाठीवर टाकायच्या मऊ गाद्या मिळतात, त्यांतल्या काहींना रिकिबी लटकवलेल्या असतात. ती गादी घेऊच नका. ती पाठीला रुतते आणि एका रिकिबीवर भार पडला की फिरून पोटाखालीही जाते.

रिकीब नसताना लोक लढू शकत नव्हते, हा समज मात्र सोडून द्या. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हाईच्या मैदानावर पार्थियन घोडेस्वारांनी रोमन सैन्य रिकिबीशिवायच मोडलं होतं. उत्तर आफ्रिकेचे नुमिडियन स्वार तर लगामाशिवायही घोडे चालवत. पण ही माणसं चालायला लागल्यापासून घोड्यावर होती, आणि एक घोडा थकला की दुसरा घ्यायला जवळ असे. तुमच्याकडे एकच घोडी आहे.

आपल्याकडच्या घोडदळातही पाठीची काळजी हा पोटाचा प्रश्न होता. बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई. त्याची सगळी पुंजी त्या घोड्यात. भीमथडीच्या लहान चणीच्या, काटक तट्टांवर लांबच्या मजला मारणाऱ्या माणसाला पाठ लागलेला घोडा परवडत नसे. जुन्या मोतद्दारांना मी पाहिलंय, ते आधी पाठीवरून तळवा फिरवतात, मग खोगीर उचलतात.

आता तुमच्या घोडीकडे. इथून पुढचं बरंच काही तिचं वय, तिच्या पाठीवरचं मांस आणि तुमचा तोल यांवर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. तरी हिशोब करता येतो. घोडीच्या छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे, सेंटिमीटरमध्ये मोजा. तिची लांबी, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत, मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, त्याला ११,८८० नं भागा. अंदाजे किलोमध्ये वजन येतं. समजा घेर १६५ आणि लांबी १५० निघाली, तर घोडी साधारण ३४४ किलोची. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहावं, असा ढोबळ नियम आम्ही पाळतो. म्हणजे ६९ किलो. तुम्ही ७२ आणि खोगीर सात-आठ किलोचं धरलं तर तुम्ही ८० च्या घरात जाता, म्हणजे आधीच वर.

यावर तुमचा पहिला विचार असा येईल की मग खोगीर काढलं की सात-आठ किलो वाचतील. वाचतील, पण उरलेले ७२ किलो कण्यालगतच्या दोन ठिपक्यांवर येतील. हा सौदा घोडीच्या फायद्याचा नाही. त्यापेक्षा हलकं पण सांगाड्याचं खोगीर बघा, रपेटीचा वेळ कमी ठेवा, आणि घोडी खरोखर एवढीच भरत असेल तर दुडकी आणि चढ यांत तिला सांभाळा. वजनाचा नियम लोखंडी नाही. आखूड, रुंद कमरेची, पायाचं हाड जाड असलेली घोडी जास्त पेलते. लांब पाठीची, नुकतीच व्यालेली किंवा चार वर्षांच्या आतली घोडी कमी पेलते.

खोगीर बरोबर बसतंय की नाही हे कळायला मोठी विद्या लागत नाही. नमदा न घालता खोगीर नुसतं पाठीवर ठेवा आणि मागून वाका. कण्याच्या वर, पुढून मागेपर्यंत, आरपार उजेड दिसला पाहिजे. स्वार बसल्यावर खांद्यांच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं सरळ गेली पाहिजेत. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. मग अर्धा तास रपेट करून खोगीर उतरवा आणि घाम पाहा. दोन्ही बाजूंना सारखा, सलग ओलावा हवा, कण्यावर कोरडी पट्टी हवी. ओल्या भागाच्या मधेच रुपयाएवढा किंवा तळहाताएवढा कोरडा डाग राहिला तर तिथं दाब इतका होता की घामही आला नाही. त्याच जागी काही महिन्यांनी पांढरे केस उगवतात, मग ते जात नाहीत. घोडी विकत घेताना अंधाऱ्या तबेल्यात हे पांढरे डाग हमखास नजरेतून सुटतात, तेव्हा तिला उन्हात बाहेर काढून एकदा पाहून घ्या.

उघड्या पाठीवर कधीच बसू नका असं मी म्हणत नाही. घोडीची चाल बुडातून कळण्यासाठी त्याचा उपयोग आहे, आणि मीही शिकणाऱ्यांना तसं बसवते. पण घोडी दुहेरी पाठीची हवी, पाठीवर जाड नमदा हवा, फक्त चालीवर, दहा-पंधरा मिनिटं, आणि दुसरा माणूस लांब दोरीवर घोडी धरून उभा हवा. तुमच्या हातात लगाम देऊच नये. तोल गेला की हात लगाम ओढतात आणि कडियाळं त्या मोकळ्या हिरडीवर आपटतं. तिथं दात नाहीत, नुसती कातडी आणि हाड आहे. आधारासाठी आयाळ धरा, घोडीला त्यानं काही होत नाही. डोक्यावर टोप हवाच, चालीवरसुद्धा.

रोजच्या सरावासाठी मात्र तुमचे शिक्षक करतात तेच चालू द्या: खोगीर तसंच, रिकिबी काढलेल्या. घोडीची पाठ वाचते आणि तुमची मांड तयार होते. आधी चालीवर हात बाजूला पसरून बसता आलं पाहिजे, मग दुडकीच्या दोन-चार फेऱ्या, तुम्ही उडायला लागलात की लगेच पुन्हा चालीवर. दमल्यावर ताणून धरू नका, कारण दमलेला माणूस पोत्यासारखा आपटतो आणि ते सगळं घोडीच्या कमरेत जातं. दुडकीवर लगाम सैल ठेवून, गप्पा मारत बसता येऊ लागलं की रिकिबी परत लावा; त्या वेळी त्यांचा पट्टा तुम्हाला आधीपेक्षा एक-दोन भोकं लांब लागेल, पाय तेवढा खाली आलेला असेल.

घोडीचा घेर, लांबी, वय आणि पाठ दुहेरी की एकेरी एवढं कळवा. घामाच्या डागांचा फोटो मागून आणि वरून काढलात तर खोगीर कुठं टोचतंय हेही सांगता येईल.